बिनकारणाची बोट

खानदेशात घराबाहेर पडायला कारण लागतं. लग्न, बारसं, दहावं, कुणाचं ऑपरेशन, मुलगी दाखवायची बैठक, आखाजीला माहेर, कोथळीला मुक्ताईचं दर्शन, नाहीतर वणी-शिर्डी-शिंगणापूर असं एका गाडीत, एका दमात उरकायचं देवदर्शन. काश्मीरला जाऊन आलेले लोकसुद्धा आधी वैष्णोदेवीचा प्रसाद हातावर ठेवतात आणि मग शिकाऱ्यातले फोटो दाखवतात. मी बँकेत होते. तिथे रजेच्या अर्जात कारणाचा रकाना असायचा आणि त्यात मी नोकरीभर ‘घरगुती’ एवढंच लिहीत आले. निवृत्त झाले, रकाना गेला, आणि कुणालाही न विचारता क्रूझची दोन तिकिटं काढली. मुंबईहून निघायचं, गोव्याला टेकायचं, परत मुंबईतच उतरायचं.

शेजारच्या काकूंना कळलं तेव्हा त्या पापडाच्या लाट्या करत होत्या.

“कोठी चालल्या वं?”

“बोटीवर, काकू.”

“बोटीवर, पन कोठी?”

“बोटीवरच. गोव्याला जाऊन येते ती.”

“गोव्याले तर गाडी जाते. मंग दर्शन कोनाचं?”

कोणाचंच नाही म्हटल्यावर त्यांचा हात थांबला. थोड्या वेळाने आत गेल्या आणि एक नारळ घेऊन आल्या. “समुद्राले दे. रिकामी नको जाऊ.”

काकूंनी निदान सरळ हातात नारळ दिला. बाकीच्यांनी आमच्या सहलीला कारणं चिकटवायचा सपाटाच लावला. जेठानीने सिद्धिविनायकाला पेढ्यांचा नवस बोलून ठेवला होता, तो आमच्या खात्यात टाकला. दिरांची मुंबईच्या एका कापडवाल्याकडे जुनी येणी होती. पुतण्यासाठी घाटकोपरला एक स्थळ होतं, ‘जाताच आहात तर बघून या’. आणि आमचे हे, ज्यांनी तिकिटावर चकार शब्द काढला नव्हता, ते एका रात्री म्हणाले, “न्हावा-शेवाला एक्सपोर्टवाल्याला भेटून आलो असतो.” आमच्याकडची केळी हल्ली रीफर कंटेनरमध्ये बसून, तेरा-चौदा अंशांच्या गारव्यात, न्हावा-शेवाहून आखातात जातात. म्हणजे आमच्या वावरातली केळी माझ्याआधी समुद्र पाहून आली होती, तीही भाव मिळतो म्हणून. मी सगळ्यांना नाही म्हटलं. पेढ्यांनासुद्धा. जेठानी आठवडाभर बोलली नाही.

एकटे शेजारचे चाचा तेवढे अनुभवी निघाले. त्यांचे अब्बा मुंबईहून बोटीने हजला गेले होते. १९९५ पर्यंत तशा बोटी जायच्या, ‘अकबरी’ नावाची बोट तर आमच्या गल्लीत अजून घरच्या माणसासारखी आठवली जाते. “पहिले दोन दिवस चक्कर येते, भाभी. लिंबू जवळ ठेवा आणि खालच्या मजल्यावर बसू नका,” एवढं सांगून ते आपल्या लूमकडे गेले. कुठे, कशाला, काही विचारलं नाही.

आमचं गाव बऱ्हाणपूर. नकाशात ते मध्य प्रदेशात दिसतं आणि त्यामुळे मुंबई-पुण्याचे लोक आम्हाला हिंदी भाषिक समजतात. फारुकी सुलतानांनी चौदावं शतक संपता संपता वसवलेलं हे शहर खानदेशाची राजधानी होतं. जळगाव-धुळ्याला तेव्हा कोण विचारत होतं? पुढे इंग्रजांच्या कारभारात आम्ही निमाडात आणि मध्य प्रांतात गेलो, तिथेच राहिलो. रावेर इथून हाकेवर आहे, पण मध्ये राज्याची सीमा आहे. असो. हा विषय निघाला की मी लांबते.

सांगायचं होतं ते कारणाबद्दल. या गावातसुद्धा कारणाशिवाय कुणी आलेलं नाही. दख्खनचा दरवाजा म्हणायचे याला. दरवाजात कोण राहायला येतं? उत्तरेकडून फौजा आल्या त्या दक्षिणेत उतरण्यासाठी. आग्र्याहून हजला निघालेले लोक आले ते सुरतेला जाऊन जहाज पकडण्यासाठी. १५८० च्या दशकात राजा अली खानाने बांधलेल्या जामा मशिदीत अरबीबरोबर संस्कृतातही शिलालेख कोरलेला आहे. एवढ्या जातीधर्माचे लोक इथून ये-जा करत असतील तर दोन भाषांत लिहिणं शहाणपणाचंच.

१६१५ च्या नोव्हेंबरात इंग्लंडच्या राजाचा वकील सर टॉमस रो सुरतेहून जहांगीराच्या भेटीला अजमेरकडे जाताना नंदुरबार, थाळनेर, चोपडा करत आमच्याकडे आला. कारण व्यापाराच्या सवलती. इथे शहजादा परवेझ होता. रोने नजराण्यात मद्याच्या बाटल्यांची पेटी दिली आणि मागाहून खासगीत भेटायचं ठरलं. शहजाद्याने पेटी लगेच उघडली असावी, कारण ती दुसरी भेट काही झाली नाही. रोने आपल्या रोजनिशीत लिहून ठेवलंय, की शहजाद्याचा, खानखानाचा आणि आणखी थोडे वाडे सोडले तर गावातली सगळी घरं मातीची. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला रागच आला. आमच्या मागच्या खोलीची भिंत आजही मातीची आहे आणि उन्हाळ्यात सगळं घर तिथेच झोपतं. शिवाय ज्या वर्षी हा गृहस्थ भिंती बघत फिरत होता, त्याच वर्षी अब्दुर्रहीम खानखानाच्या अमलात इथे जमिनीखाली कुंडी भंडारा तयार होत होता. सातपुड्यातून झिरपणारं पाणी भुयारात धरायचं, उताराने गावात आणायचं, आणि वर ओळीने कुंड्या ठेवायच्या म्हणजे हवा खेळती राहते. आता तिथे लिफ्ट आहे. खाली उतरलं की भिंतींवर पांढरा चुन्याचा थर बोटभर चढलेला दिसतो आणि पाणी इतकं स्वच्छ, की आधी बोट बुडवून बघावं लागतं. पण त्या कामासाठी खाली वाकून बघावं लागतं, आणि वकील मंडळींना ती सवय नसते.

तावेर्निये हा फ्रेंच जवाहिऱ्या याच शतकात पुढे आला. त्याने इथल्या पारदर्शक मलमलीबद्दल लिहिलंय, की ती इराण, तुर्कस्तान, पोलंड, कैरोपर्यंत जाते. चाचांच्या लूमवर आज साधं, न रंगवलेलं ‘ग्रे’ कापड निघतं आणि ते कुठे जातं हे चाचांना व्यापाऱ्याला विचारावं लागतं. पण गावाचं वळण तेच: माल निघतो, माणूस मागे राहतो.

मुमताजचं मात्र मला वेगळं वाटतं. खान जहान लोदीचं बंड मोडायला शाहजहान दक्षिणेत आला, बऱ्हाणपुरात तळ पडला, म्हणून ती इथे होती. जून १६३१ मध्ये चौदाव्या बाळंतपणात गेली. तापीच्या पलीकडे जैनाबादच्या बागेत, आहुखान्यात, तिला तात्पुरतं ठेवलं. सहा महिन्यांनी, डिसेंबरात, शहजादा शुजा तिला घेऊन आग्र्याला निघाला. गावातले गाइड सांगतात की ताजमहाल इथेच व्हायचा होता, पण माती ठिसूळ निघाली, वाळवी निघाली, मकराण्याचा संगमरवर इथवर आणणं जड गेलं. खरं-खोटं त्यांना माहीत. मला त्या गोष्टीत रस नाही. मला दिसतं ते एवढंच, की ती आली नवऱ्याच्या कारणाने आणि गेली तीही नवऱ्याच्याच.

आमचं वावर जैनाबादच्या बाजूला आहे. निघायच्या आदल्या दिवशी ह्यांना ठिबकच्या नळ्या बघायच्या होत्या म्हणून मीही गेले. परतताना आहुखान्यापाशी गाडी थांबवायला लावली. तिथे बघण्यासारखं फार नाही. गिलावा सुटून आतल्या चपट्या विटा उघड्या पडल्या आहेत, एका कमानीत पिंपळाचं रोप आलंय, पायऱ्यांवर शेळ्यांच्या लेंड्या. पलीकडच्या बागेत केळीचे घड निळ्या पिशव्या घालून टांगलेले, एक्सपोर्टच्या मालाला डाग पडू नये म्हणून. ताजमहाल बघायला जग आग्र्याला जातं आणि जिथे ती खरोखर गेली तिथे एक कुत्रं झोपलेलं होतं. ह्यांनी विचारलं, “काय बघते एवढं?” मी म्हटलं, “काही नाही, चला.”

सासूबाईंची आठवण तिथे आली, का ते सांगता येणार नाही. त्यांनी उभ्या जन्मात समुद्र पाहिला नाही. बाहेर पडल्या त्या माहेरी, वारीला, सुनांच्या बाळंतपणांना आणि शेवटी भुसावळच्या दवाखान्यात. राजघाटावर कपडे धुताना कुणी विषय काढला तर म्हणायच्या, “ही जाते की तठी, आपलं काय काम?” तापी मुलताईला उगवते, सातशे चोवीस किलोमीटर पश्चिमेला धावते आणि सुरतेच्या पुढे खंबातच्या आखाताला मिळते. मधल्या हतनूर आणि उकाईच्या धरणांनी तिला बरंच अडवलंय, तरी जाते. सासूबाईंच्या मते आपल्या वाटचं जाणं नदी करत होती.

औरंगजेब १६८१ च्या अखेरीस इथे आला. त्याच वर्षाच्या सुरुवातीला हंबीरराव मोहिते बहादूरपुऱ्याची पेठ लुटून गेले होते. पुढच्या वसंतात औरंगजेब इथून औरंगाबादकडे निघाला. मोहीम उरकून परत जाऊ असाच हिशेब असणार. पंचवीस वर्षं दख्खनेत गेली आणि शेवटी खुलताबादेतच त्याची माती झाली. भक्कम कारण घेऊन निघालेला माणूस कुठे अडकेल सांगता येत नाही. आमच्याकडे तर परतीचं तिकीट आधीच होतं.

बांधाबांध मी थोडक्यात आटोपली. बायकांनी मात्र डबे आणून दिले: दराबा, तिखट शेव, कळण्याच्या भाकरी फडक्यात गुंडाळून, मिरचीचा ठेचा. दराबा बऱ्हाणपूरचाच. रवा, साखर, तूप घोटून घोटून इतका हलका करतात की जिभेवर ठेवला की विरतो. बोटीवर चोवीस तास जेवण असतं असं मी सांगितलं, तर जेठानी (अबोला मोडून) म्हणाली, “असंल. पन तूप कोनतं असंल?”

बऱ्हाणपूरचं स्टेशन गावात नाही, लालबागेला आहे. रात्री रिक्षाने शनवारा दरवाजाखालून निघालो. हा दरवाजा आम्ही रोज ओलांडतो, बाजाराला, दवाखान्याला, आणि मान वर करून कधी बघत नाही. त्या रात्री मी बघितलं आणि दिसलं काय, तर एका क्लासची जाहिरात.

आमची गाडी पंजाब मेल. रेल्वेच्या इतिहासात रस असलेल्यांना तिची कुळकथा माहीत असेल. १९१२ साली ही गाडी सुरू झाली ती मुंबईच्या बॅलार्ड पियरहून. विलायतेहून पी. अँड ओ. कंपनीच्या आगबोटीने आलेले साहेब धक्क्यावर उतरायचे आणि तिथूनच गाडीत बसून थेट पेशावरकडे जायचे. वाटेत भुसावळ, बऱ्हाणपूर, खंडवा. म्हणजे शंभरावर वर्षांपूर्वी बोटीचे लोक आमच्या गावावरून झोपेत गेले आणि आज आम्ही त्याच गाडीने उलटं, बोटीकडे निघालो होतो. आता ती छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवरूनच सुटते, बॅलार्ड पियरपर्यंतचं शेवटचं अंतर टॅक्सीने करावं लागतं. मी हे ह्यांना उत्साहाने सांगत होते. ते वरच्या बर्थवर चादर ओढून म्हणाले, “साहेबांच्या वेळी भुसावळला चहा बरा मिळत असेल.”

कसारा घाटात जाग आली. पुढची मुंबई सगळ्यांनी पाहिलेली आहे.

बॅलार्ड पियरच्या फाटकाशी कळलं की बाहेरचं खाणं आत नेता येत नाही. या बोटीचा तसा नियम होता. तिकिटाबरोबरच्या पानावर तसं छापलेलंही होतं, पण जेठानीला ते वाचून दाखवायची माझी छाती नव्हती. मग आम्ही तिथेच बॅगांवर बसलो. टॅक्सीवाला भला माणूस, तोही उतरला. त्याने ठेचा बोटाने चाखला, डोळे पुसले आणि भाकरी मागून घेतली. एका हमालाने दराब्याचा डबा दोन्ही हातांत धरून खाली राहिलेलं बोटांनी निपटून काढलं आणि विचारलं, “हे कुठे मिळतं?” समोर दगडी इमारतींची रांग, कोट घातलेले ऑफिसवाले वळून बघत होते. ह्यांना लाज वाटत होती. मला अजिबात वाटली नाही.

उरला काकूंचा नारळ. तो आत जाईल की नाही याची मला खात्री नव्हती, आणि गेला तरी बोटीवरून समुद्रात काही टाकू देत नाहीत. टॅक्सीवाला कुलाब्याच्या कोळीवाड्याजवळ राहणारा निघाला. “माझ्याकडे द्या. संध्याकाळी ससून डॉकला जाणारच आहे,” म्हणाला. मी नारळ दिला, वर हळदीकुंकवाची पुडी दिली आणि काकूंचं नाव सांगितलं. तेवढं एकच काम आमच्यामागे लागलं होतं, तेही दुसऱ्याच्या अंगावर गेलं. फाटकातून आत शिरताना माझे दोन्ही हात खरोखर रिकामे होते.

बोटीत शिरणं आणि विमानतळ यात फरक फार नाही: रांगा, तपासणी, फोटो, गळ्यात कार्ड. आत आल्यावर मात्र ह्यांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. जिने, लिफ्ट, गालिचे, एका मजल्यावर पोहण्याचा हौद. “पाण्यावर चाललोय आणि वर पाण्याचा हौद?” हे त्यांना काही केल्या पटेना. ठिबक लावणाऱ्या माणसाला पाण्याचा असला हिशेब पटायचा नाहीच.

सुटायच्या आधी सगळ्यांना कवायतीला बोलावलं. भोंग्याचे सात छोटे आणि एक लांब आवाज झाले की आपापल्या ठरलेल्या जागी जमायचं. लाइफ जॅकेटचे बंद कसे बांधायचे, ते एका फिलिपिनो पोराने हसत हसत दाखवलं. पूर्वी ही कवायत सुटल्यानंतर चोवीस तासांच्या आत केली तरी चालायची. २०१२ च्या जानेवारीत इटलीजवळ ‘कोस्टा कॉन्कॉर्डिया’ खडकावर आदळली, बत्तीस माणसं गेली. त्यातल्या बऱ्याच प्रवाशांची कवायत तोवर झालेलीच नव्हती. त्यानंतर नियम बदलला. आता निघण्याआधी किंवा निघताक्षणी ती घ्यावीच लागते. आजूबाजूची पोरं सेल्फी काढत होती. मी बंद दोनदा बांधून पाहिले. चाचांचं लिंबू पर्समध्ये होतंच, ते कुणी काढून घेतलं नव्हतं.

मग वरच्या डेकवर गेलो. मला निघणं बघायचं होतं. त्यासाठीच तर आले होते म्हणा: दोर सुटताना, धक्का मागे सरकताना, मुंबई लहान होत जाताना. मी लवकर जाऊन कठड्याशी जागा धरली. शेजारी पार्ल्याच्या एक बाई होत्या. कुठल्या म्हणून विचारलं, मी बऱ्हाणपूर सांगितलं. “अय्या, मग मराठी किती छान बोलता!” मी तोंड उघडणार एवढ्यात मागून आवाज आला.

“बऱ्हाणपूरचे का तुमी? मी ह्यांचं तठी-अठी ऐकलं तवाच म्हटलं, हे आपलेच.”

रावेर तालुक्यातले पाटील, बरोबर वहिनी. एवढ्या मोठ्या बोटीवर, अरबी समुद्राच्या तोंडाशी, पुढची दहा मिनिटं जी गेली ती खानदेशी माणसाला सांगायला नको. कोणत्या गावचे, कोणत्या भाऊबंदकीतले, माहेर कोणतं. वहिनींच्या मावशीचं सासर शहापूर निघालं. आमच्या जेठानीचं माहेरही शहापूर. मग घर कोणतं, मारुतीच्या पारासमोरचं की मागच्या गल्लीतलं? मागच्या गल्लीतलं. म्हणजे त्या मावशी जेठानीच्या चुलत काकू झाल्या, म्हणजे वहिनी मला नात्याने… इथे जरा वाद झाला. वहिनी म्हणाल्या नणंद लागते, मी म्हटलं जाऊबाई लागेन. बोटांवर मोजून पाहिलं. पार्ल्याच्या बाई आलटून पालटून आमच्या तोंडाकडे बघत होत्या.

तेवढ्यात एक गुजराती पोरगं ‘चाली, चाली!’ करत कठड्यावर चढायला लागलं आणि त्याच्या आईने त्याला मागे ओढलं. मी वळून बघितलं. बोट आणि धक्का यांच्यामध्ये आमच्या गल्लीएवढं गढूळ पाणी पडलं होतं. दोर कधीच सुटले होते. एक टग बाजूला लागलेली होती आणि धक्क्यावरचा पिवळ्या जॅकेटातला माणूस पाठ फिरवून चालायलाही लागला होता.

“निघाली का? बरं,” पाटील म्हणाले. एकदा पाण्याकडे पाहिलं आणि ह्यांच्याकडे वळले. “मंग आज बऱ्हाणपूरले केळीले काय भाव निघाला?”

रावेरच्या बाजूला अजून बऱ्हाणपूरच्या भावाकडे बघूनच सौदे होतात. ह्यांचा चेहरा सकाळपासून पहिल्यांदा खुलला. “थांबा, सांगतो,” म्हणाले आणि खिशातून फोन काढला. रेंज होती.